बेगडाचे सोने

दिवाळी आली की आपल्याकडे घरातली प्रत्येक जुनी वस्तू भयभीत होत असावी. भिंतींना चुना, दारांना तेलरंग, माळ्यावरच्या पेटीला रोगण, तुळशीवृंदावनाला गेरू, अशी सगळ्यांची रंगरंगोटी निघते. एरवी वर्षभर ज्या खुर्चीकडे कोणी ढुंकून पाहत नाही, तिलाही नरकचतुर्दशीच्या आत नवे रूप मिळते. या रिवाजाची मला आवड आहे. परंतु त्याच रिवाजापायी माझ्या हातून एक अपराध घडला, आणि त्या अपराधातून जुन्या चित्रपटांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. ती हकीकत आणि तिच्यातून निघालेला विचार वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

मी कडेगावचा. शिक्षण मॅट्रिकपुरते, पोटासाठी शाळामास्तर आणि हौसेसाठी कादंबरीकार. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या सामानात एक लाकडी सिंह आहे. सिंह म्हणजे सबंध सिंह नव्हे. सिंहासनाचा उजवा हात तेवढा. त्याच्या टोकाला आयाळ पसरलेले, जबडा उघडलेले सिंहाचे मुख. गावातल्या एका सुतार घराण्याने तो फार पूर्वी शाळेला दिला. त्या घरातला एक पुरुष तरुणपणी कोल्हापूरला सिनेमाच्या कंपनीत कामाला होता, तेथून ही वस्तू आली, असे सांगत. कोणती कंपनी, कोणता चित्रपट, याचा पत्ता नाही. कोल्हापूरच्या पंचक्रोशीत ज्या घरी जुनी ढाल-तलवार आहे ते प्रत्येक घर ती ‘प्रभात’ची असल्याचे सांगते, तेव्हा अशा सांगण्यावर फारशी भिस्त ठेवू नये हे मला तेव्हाही कळत होते.

काही वर्षांपूर्वी मुलांनी शिवराज्याभिषेकाचा प्रवेश बसवला. सिंहासन हवे होते. पेटीतून सिंह बाहेर काढला तर त्याचा रंग पाहून सगळे हिरमुसले. काळपट, निळसर, मधूनच तांबूस, जागोजागी पोपडे. सिंह कसला, भिजून वाळलेले मांजर! मी मुलांना पॉलिशपेपर आणून दिला. दोन दिवस घासून त्यांनी लाकूड पांढरे केले आणि मी स्वतःच्या हाताने त्यावर सोनेरी तेलरंगाचे दोन हात दिले. प्रयोगाच्या रात्री विजेच्या झोतात सिंह असा झळाळला की टाळ्या पडल्या.

प्रयोगाला त्या सुतार घराण्यातले आबा आले होते. वय पंच्याऐंशीच्या पुढचे. प्रयोग संपल्यावर ते काठी टेकीत रंगमंचामागे आले, सिंहावरून बोट फिरवले, आणि बोटाला लागलेला सोनेरी रंग मला दाखवीत म्हणाले, “हे काय करून ठेवलंसा, मास्तर?”

“का आबा? चांगला दिसतोय की.”

“दिसतोय खरा. पर आमचा बा म्हणायचा, ह्ये माणसानं बघायचं सोनं न्हवं. ह्ये कॅमेऱ्यानं बघायचं सोनं हाय.”

एवढे बोलून आबा निघून गेले. मला वाटले, म्हातारपणचे बोलणे. परंतु ते वाक्य मनातून जाईना. कॅमेऱ्याने पाहायचे सोने माणसाच्या सोन्याहून वेगळे असते काय?

असते. आणि ही गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आपल्या जुन्या चित्रपटांच्या कलादिग्दर्शनावर अभिप्राय देऊ नये, असे आता मला वाटते. मूकपटाच्या काळात जी फिल्म प्रचारात होती ती तांबड्या रंगाला आंधळी होती. निळा व हिरवा प्रकाश तिला दिसे. तांबडा दिसत नसे. त्यामुळे निळे आकाश पडद्यावर पांढरे फटफटीत येई, पिवळा रंग डोळ्यांना दिसतो त्याहून काळवंडे, आणि तांबडा तर थेट काळा होई. कपाळीचे कुंकू काळे, ओठ काळे, भगवा झेंडा काळसर. त्या काळातल्या नटनट्यांच्या चेहऱ्यांवरचा तो विचित्र, गडद डोळ्यांचा रंग आपण पाहतो, त्याचे एक कारण हेच. १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सर्व रंगांना दाद देणारी फिल्म जगभर रूढ होत गेली आणि बोलपटांबरोबर ती कायमची झाली. मग तांबडा रंग पडद्यावर उजळला, आणि रंगाऱ्याला आपली सगळी बाराखडी नव्याने गिरवावी लागली.

हे पुस्तकी ज्ञान मुलांना पटेना. तेव्हा वर्गात एक प्रयोग केला, तो घरोघरी दिवाळीत करून पाहण्यासारखा आहे. एका ताटात कुंकू, हळद, नीळ आणि पिठी अशा चार चिमटी ठेवल्या. मोबाइलचा कॅमेरा काळ्यापांढऱ्या चित्रावर लावला आणि त्याच्या भिंगापुढे नाटकातल्या दिव्याचा निळा जिलेटिन कागद धरला. जुन्या फिल्मची ही तंतोतंत नक्कल नव्हे, पण जवळची खरी. चित्र पाहताच वर्ग स्तब्ध झाला. कुंकू काजळासारखे काळे! हळद करडी झाली आणि नीळ पिठीच्या शेजारी जाऊन बसली. एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, म्हणजे तेव्हा पांढरी साडी दाखवायची तर निळी नेसवली तरी चालली असती!” मी म्हणालो, “बाई गं, तू शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात जन्मायला हवी होतीस.”

कारण कोल्हापुरात त्या वेळी हेच गणित मांडणारी माणसे होती. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, छायाचित्रण व छपाई यांत मुरलेले. रंगाचे करड्या छटेत काय होते हे त्यांना छपाईच्या धंद्यानेच शिकवले असणार. पण वस्तूला वजन दिले ते बाबूराव पेंटरांनी. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचे खरे नाव. जन्म १८९० चा. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. १९१६ साली आनंदराव गेले. पुढे बाबूरावांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यातला कीचकवध प्रेक्षकांना इतका खरा वाटला की ते दृश्य पुढे गाळावे लागले. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमाकेसरी’ म्हटले ते याच काळात.

आता वाचकांनी क्षणभर विचार करावा. कीचकाचे रक्त त्या फिल्मवर तांबडे तर दिसतच नव्हते. तांबडा रंग लावा की काजळी लावा, पडद्यावर काळेच. म्हणजे लोक घाबरले ते रंगाला नव्हे. वस्तूचा पोत, तिचा ओलसरपणा, तिच्यावर पडलेला प्रकाश यांना ते घाबरले. पडद्यावर रंगवलेला खांब आणि कॅमेऱ्यापुढे उभा केलेला खांब यांतला फरक बाबूरावांनी ओळखला आणि चित्रित पडद्यांच्या जागी उभारलेले नेपथ्य आणले. १९२३ च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम प्रकाशही वापरला. एकदा प्रकाश आपल्या हाती आला की वस्तूचा शेवटचा हात, म्हणजे तिची झिलई, हा कलेचा प्रश्न होतो. फार चकाकी असली तर त्या जागी पडद्यावर नुसता पांढरा डाग पडतो, आणि चकाकी नसली तर सोने शेणासारखे दिसते.

येथे मला आपल्या भाषेतला एक शब्द आठवतो: बेगड. बेगड म्हणजे रंगीत चकचकीत पातळ पत्रा; गणपतीच्या मखरापासून नाटकातल्या मुकुटापर्यंत त्याचा संचार. त्यावरून आपण ‘बेगडी’ हा शब्द केला आणि खोट्याला लावला. सिनेमाच्या कारखान्यात मात्र न्याय उलटा आहे. खऱ्या सोन्याचा मुलामा पिवळा, म्हणून त्या आंधळ्या फिल्मवर तो काळवंडण्याची भीती. बाजारातली सोनेरी पूड म्हणजे तांबे व जस्त यांची; ती काही दिवसांत हवेने तपकिरी-हिरवी पडते. उलट रुपेरी पूड, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, कॅमेऱ्याला हवी तशी उजळ दिसते आणि काळवंडत नाही. तेव्हा पडद्यावर खरे सोने दिसायचे तर हाताशी चांदीचे सोंग बरे. खोट्याने खरे साधण्याची ही विद्या आहे, आणि ती जाणणाऱ्याला बेगडी म्हणणे अन्यायाचे होईल.

मग जुन्या वस्तूचे मूळ रूप ओळखायचे कसे? प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. अशा वस्तूला तीन रंग असतात. एक, रंगाऱ्याने हाताने लावलेला. दुसरा, फिल्मने पाहिलेला करडा. तिसरा, प्रेक्षकांनी मनात भरलेला. आजोबांना विचारा, ते शपथेवर सांगतील की अमुक राजाचा मुकुट सोन्याचा पिवळाधमक होता. तो रंग त्यांच्या मनातला असतो. जाहिरातीच्या भित्तिचित्रावर जावे तर तेथेही फसगत. भित्तिचित्र रंगवणाऱ्याचे काम गर्दी खेचण्याचे; त्याने तलवार जांभळी रंगवली तरी तो पुरावा होत नाही. काळेपांढरे छायाचित्र खरे बोलते, पण अर्धेच. ते फक्त उजेड-अंधार सांगते, रंग सांगत नाही. एकाच करड्या छटेमागे तांबडा, हिरवा, तपकिरी असे अनेक उमेदवार उभे असतात.

म्हणून वस्तूलाच विचारावे लागते. जेथे घासणारा हात आणि रंगाऱ्याचा कुंचला पोचला नसेल अशा जागा शोधायच्या: खिळ्याच्या डोक्याखाली, पट्टीच्या मागे, सांध्याच्या आत, तळाशी. भिंगाखाली एखाद्या इवल्याशा जागी थर पायऱ्यांसारखे उलगडायचे. प्रत्येक पायरी म्हणजे एकेक काळ. आता यंत्रांचीही मदत मिळते. अतिनील दिव्याखाली चपडा लाखेचे रोगण नारिंगी उजळते, जस्ताचा सफेदा पिवळट-हिरवा उजळतो. क्ष-किरणांच्या यंत्राने सोनेरी थरात सोने आहे की तांबे-जस्त, हे वस्तूला धक्का न लावता कळते. टिटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. तो जर तळाच्या थरात सापडला तर ‘फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटातली’ म्हणून मिरवणाऱ्या वस्तूकडे संशयाने पाहावे. एवढे सगळे झाल्यावर जो रंग हाती येईल त्याचा नमुना तयार करून, त्या काळच्या फिल्मला दिसले असते तसे त्याचे चित्र घ्यायचे आणि जुन्या छायाचित्राशी ताडून पाहायचे. दोन्ही जुळले तरच ‘सापडले’ म्हणायचे.

हा खटाटोप कोणाला पोरखेळ वाटेल. अमेरिकेत तो मोठ्या गांभीर्याने चालतो. तेथील ‘स्टार ट्रेक’ या १९६६ ते १९६९ मधल्या दूरचित्रवाणी मालिकेतले ‘एंटरप्राइज’ नावाचे आकाशयान म्हणजे अकरा फुटांची लाकडी-प्लास्टिकची प्रतिकृती. १९७४ साली ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आली. १९९१ साली तिची डागडुजी झाली तेव्हा बहुतेक सर्व अंग नव्याने रंगवले गेले आणि त्यावर रेघांचे जाळे इतके ठळक उठले की जुन्या प्रेक्षकांनी कुरकुर केली. सुदैवाने यानाच्या तबकडीची वरची बाजू त्या वेळी कोणी रंगवली नव्हती. २०१६ साली पुन्हा काम निघाले तेव्हा तो एवढा न रंगवलेला भागच सगळ्यांचा गुरू झाला. लोकांनी आपापल्या संग्रहातली जुनी छायाचित्रे पाठवली आणि त्यांच्या आधाराने बाकीच्या अंगाचा मूळ रंग परत आणला. एका रंगाऱ्याने जेथे हात आवरला तेथे सत्य शिल्लक राहिले, हे मी माझ्या पॉलिशपेपरची आठवण ठेवूनच लिहितो आहे.

दुसरे उदाहरण १९३९ च्या ‘विझर्ड ऑफ ऑझ’ मधल्या माणकांच्या जोड्यांचे. मूळ कादंबरीत ते जोडे चांदीचे होते. चित्रपट रंगीत निघाला म्हणून ते लाल झाले. लाल तरी कसे? साधा भडक लाल त्या रंगीत फिल्मवर नारिंगी दिसला असता, म्हणून जोड्यांवरच्या टिकल्या काळपट लाल केल्या. त्या टिकल्यांचा रंग उडू लागला तेव्हा त्याच संग्रहालयाने २०१६ साली लोकवर्गणी मागितली आणि लोकांनी तीन लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली. तपासणीत दिसले की टिकलीच्या आत जिलेटिन, त्यावर चांदीचे अस्तर आणि त्यावर लाल रंग. त्यांनी नवा रंग फासला नाही. प्रकाश, हवा, ओलावा यांपासून जपण्याची सोय केली. मूळ वस्तू आपल्या आठवणीइतकी झळाळत नाही हे त्यांनी मान्य केले, आणि मोठेपणा त्या मान्यतेत आहे.

आपल्याकडे हे प्रश्न विचारायला वस्तूच फार थोड्या उरल्या. ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’ हे बाबूरावांचे मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. १९४८ च्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा कोल्हापुरातला स्टुडिओ जळला. २००३ च्या जानेवारीत पुण्याला आग लागून जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा नष्ट झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जुन्या ‘प्रभात’च्याच जागेत, ‘प्रभात’च्या काही वस्तू, पोशाख व छायाचित्रे जपलेली आहेत, ती पाहावयास अवश्य जावे. पाहताना मात्र एक पथ्य पाळावे: वस्तू फिकी दिसली म्हणून नाक मुरडू नये. ती आपल्यासाठी केलेलीच नव्हती.

ही समज घेऊन मी ‘संत तुकाराम’ पुन्हा पाहिला. १९३६ चा हा चित्रपट विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचा. दोघेही बाबूराव पेंटरांच्या तालमीतले. एक दामलेमामा, दुसरे साहेबमामा. १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ सुरू करणाऱ्या पाच जणांत हे दोघे होते, आणि १९३३ साली कंपनी पुण्यास गेली. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली या चित्रपटाचा गौरव झाला. त्याविषयी लिहिणारे विष्णुपंत पागनिसांच्या मुद्रेविषयी लिहितात, गौरीबाईंच्या जिजाईविषयी लिहितात, आणि ते योग्यच आहे. मला या खेपेस दिसल्या त्या वस्तू. तुकोबांच्या घरातली भिंत, मडकी, घोंगडी, जिजाईचे लुगडे या सगळ्यांवर एक समान मंदपणा आहे. प्रकाश त्यांच्यात मुरतो. उलट सालोमालोच्या अंगावर, त्याच्या घरी, प्रकाश मुरत नाही, परत उसळतो. दोन माणसांमधले अंतर संवादात येण्याआधीच कापडाच्या आणि भांड्यांच्या पोतात आलेले असते.

मग शिवाजी महाराजांचा नजराणा येतो. येथे नेपथ्यकाराची खरी परीक्षा आहे. ते दागिने स्टुडिओतले, म्हणजे नकली, हे आपल्याला माहीत असते. पण ते जर पडद्यावर नकली दिसले, तर तुकोबांच्या नकाराला किंमतच उरत नाही. पितळ नाकारायला संत कशाला हवा? त्या ताटांना जिजाईच्या आणि पोरांच्या डोळ्यांत लोभ उठेल एवढे तेज हवे, आणि तरी ते त्या झोपडीच्या मंद घोंगडीपुढे उपरे वाटावे. दोन्ही गोष्टी तेथे साधल्या आहेत. वैराग्य पागनिसांच्या चेहऱ्यावर दिसते हे खरे, परंतु ते तोलून दाखवणारे दुसरे पारडे कोणा अनाम कारागिराच्या कुंचल्याने भरले आहे. अखेरीस विमान येते तेव्हाही तेच. ते लाकूड-पुठ्ठ्याचे असणार हे ठाऊक असूनही गावकऱ्यांबरोबर आपली मान वर जाते.

या कारणाने जुने काळेपांढरे चित्रपट आता रंगीत करून दाखवण्याची जी हौस निघाली आहे तिच्याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. ‘मुगल-ए-आझम’ १९६० चा. त्यातला काही भाग मुळातच रंगीत होता आणि उरलेला २००४ साली यंत्राने रंगवला. नव्या पिढीने तो पाहिला, हा लाभ मी नाकारीत नाही. परंतु करड्या छटेवर सोनेरी थर चढवताना आपण नेमके काय करतो? रंगाऱ्याने डोळ्यांना न पटणारा रंग लावून कॅमेऱ्यासाठी जे सोने घडवले, त्यावर आपण डोळ्यांना पटणारे दुसरे सोने फासतो. माझ्या तेलरंगाच्या डब्यात आणि त्या यंत्रात प्रकाराचा फरक नाही, फक्त खर्चाचा आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. आपल्या परंपरेत वस्तू नवी करणे हीच ती जपण्याची रीत आहे. आमच्या कडेगावचे मोहरमचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत. बांबू आणि कागद यांचे ते गगनाला भिडणारे मनोरे हिंदू-मुसलमान मिळून मिरवतात. ते दर वर्षी नवे होतात. गतवर्षीचा कागद कोणता होता हे विचारायला कोणी भिंग घेऊन येत नाही. देवाला तर आपण पिढ्यान् पिढ्या शेंदूर चढवतो. मग लाकडी सिंहाला मास्तरांनी रंग दिला तर काय बिघडले?

मी यावर पुष्कळ विचार केला. ताबुताचे ज्ञान ताबुतात नसते. ते करणाऱ्यांच्या हातांत असते आणि ते हात दर वर्षी चालतात. बापाचे पाहून मुलगा बांबू बांधतो. म्हणून जुना कागद गेला तरी काही जात नाही. सिनेमाच्या त्या रंगाऱ्यांची विद्या मात्र फिल्मबरोबर संपली. तांबड्याला आंधळा असलेला तो डोळाच मिटला, तेव्हा त्याच्यासाठी रंग मिसळणारा हातही थांबला. त्या विद्येचे आता एकच पुस्तक उरले: ती वस्तू. ते पुस्तक घासून त्यावर सोनेरी रंग देणे म्हणजे नूतनीकरण नव्हे. आणि शेंदराचे म्हणाल तर वणीच्या सप्तशृंगीदेवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर २०२२ साली काढले, तेव्हा आतले मूळ रूप दिसले. शेंदराने ते झाकले होते, पुसले नव्हते. मी पॉलिशपेपर वापरला. तेवढी बुद्धी शेंदूर लावणाऱ्या पूर्वजांनी वापरली नव्हती, हे त्यांचे उपकार!

आता सिंहाची हकीकत पुरी करतो. हे सगळे वाचल्या-पाहिल्यावर एका सुट्टीत मी आबांना शाळेत बोलावले. सिंहासनाच्या बैठकीत खुपसायचे जे लाकडी टोक असते तेथपर्यंत पोरांचा हात पोचला नव्हता, आणि जबड्याच्या आत, जिभेखालीही थोडी जागा वाचली होती. भिंगातून पाहिले. सर्वांत खाली खडू आणि सरस यांचे पांढरे अस्तर. त्यावर खोलगट भागात तांबडी काव. उंचवट्यांवर निळसर राखाडी. आणि त्या निळसर रंगाच्या कडांवर रुपेरी पुडीचे बारीक कण.

तांबडा आणि निळा सिंह! जिवंत डोळ्यांना याहून हास्यास्पद काय असेल? मी एका फळीवर तसाच नमुना रंगवला, भिंगापुढे निळा जिलेटिन कागद धरला आणि मोबाइलमध्ये पाहिले. तांबड्या खाचा काळ्याभोर झाल्या होत्या. निळे उंचवटे उजळून पुढे आले होते आणि त्यांच्या कडांवर रुपेरी कण लकाकत होते. समोर ओतीव धातूची आयाळ होती. कागद बाजूला केला की खाचा करड्या होऊन सगळे सपाट. कागद धरला की पुन्हा सोने.

मी लगेच निष्कर्षावर उडी मारली नाही. सोनेरी मुलाम्याखाली तांबडे अस्तर देण्याची चाल जुनी आहे, तेव्हा एकट्या कावेने काही सिद्ध होत नाही. परंतु सोन्याखाली निळसर रंग कोणी देत नाही. म्हणून माझा तर्क असा की हा सिंह मूकपटाच्या काळातला, तांबड्याला आंधळ्या असलेल्या फिल्मसाठी रंगवलेला. कोणत्या चित्रपटात तो बसला होता हे सांगण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही. तो असता तर कदाचित सिंहाच्या अंगावर होता, आणि तो मीच धुळीत मिळवला.

आबांना मोबाइलमधले चित्र दाखवले. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, पुन्हा जवळ नेले. मग म्हणाले, “बा असाच सांगायचा. घरात आय हसायची त्येला. म्हणायची, निळा सिंह कुठं असतोय व्हय?”

मी म्हणालो, “आबा, चूक झाली माझी.”

“असू द्या, मास्तर. जिभंखालचं तेवढं राखा.”

तेवढे आम्ही राखले आहे. सिंहाला आता कोणी रंग देत नाही. शाळेच्या कपाटात तो माझ्या सोनेरी तेलरंगासकट उभा आहे. तोही थर आता त्याच्या इतिहासात जमा झाला. शेजारी नमुन्याची फळी, निळ्या कागदाचा तुकडा आणि काय सापडले व काय घासले गेले याची दोन पानी नोंद ठेवली आहे. स्नेहसंमेलनासाठी मुलांनी पुठ्ठ्याचा नवा सिंह केला आहे. तो दर वर्षी रंगतो आणि झकास दिसतो.

वाचकहो, या दिवाळीत माळा आवरताना तुमच्या हाती अशी एखादी वस्तू येईल. नाटकातली तलवार, कोण्या चुलत आजोबांनी आणलेला मुकुट, रंग उडालेली ढाल. ती कुरूप दिसेल. डबा उघडण्यापूर्वी तिचे चारी बाजूंनी छायाचित्र घ्या, खिळ्याखाली डोकावून पाहा, आणि घरात कोणी वडीलधारे असेल तर हातातले काम टाकून त्यांच्याशेजारी बसा. रंगाचा डबा पुढल्या दिवाळीलाही मिळेल.